कटानच्या पेटीसाठी घरी केलेले कप्पे आणि सोंगट्यांवरचे बारीक रंगकाम

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार.

गेल्या दोन महिन्यांतले जवळजवळ सगळे रविवार मी एका खेळाच्या पेटीसाठी आतले कप्पे करण्यात घालवले आहेत. काम निम्मे झाले आहे. इथवर जे हाताला कळले ते लिहून ठेवावे आणि उरलेल्या निम्म्या कामासाठी तुमचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या घरी दर शनिवारी दिवेलागणीनंतर कटानचा पट मांडला जातो. मी, बायको, मुलगी आणि आई असे चौघे बसतो. पटावर रस्ते, वस्त्या आणि शहरे वसवण्याचा, क्लाउस टॉयबर यांनी रचलेला हा खेळ जर्मनीत १९९५ साली बाजारात आला. टॉयबर व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते, म्हणजे कृत्रिम दात घडवण्याचे बारीक काम करणारे, हे समजल्यापासून मला त्यांच्या खेळातल्या एवढ्या सुट्या तुकड्यांचे नवल वाटेनासे झाले आहे. पेटीत जमिनीचे १९ षटकोन, त्यांवर ठेवायच्या १८ अंकचकत्या, पाच प्रकारच्या मालाचे प्रत्येकी १९ म्हणजे ९५ पत्ते आणि विकासाचे २५ पत्ते असतात. शिवाय चार खेळाडूंचे प्रत्येकी १५ रस्ते, ५ वस्त्या आणि ४ शहरे, म्हणजे ९६ सोंगट्या निराळ्याच. हे सगळे आम्ही इतकी वर्षे झिपच्या पिशव्यांमध्ये ठेवत आलो.

आई ७३ वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही हातांच्या बोटांत संधिवात आहे. झिपच्या पिशवीची कड चिमटीत धरून ओढणे तिला जमत नाही. टेबलावर सपाट पडलेला पत्ता उचलायचा असेल तर ती तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेते आणि तिथे खालून अंगठा लावून उचलते. हे मी कित्येक महिने रोज पाहावे तसे पाहत होतो. याचा पेटीशी काही संबंध आहे हे फार उशिरा लक्षात आले. मी पाहिलेले तयार कप्पे पेटीचे झाकण नीट बसावे या हिशेबाने केलेले होते. मला मात्र आईच्या हातासमोर टेबलावर काय आणि कसे यावे, इथून सुरुवात करायची होती.

जांभळी नाक्यावरच्या एका दुकानातून ५ मिमी जाडीचा फोम बोर्ड आणला. प्रत्येक खेळाडूला एक छोटा, आख्खाच्या आख्खा उचलून समोर ठेवता येईल असा डबा केला. त्याचा तळ सपाट न ठेवता जाड आयव्हरी कार्डाची पट्टी वाकवून आत बसवली आहे, त्यामुळे तो नावेच्या पोटासारखा खोलगट झाला आहे. रस्त्याची काडी बोटाने नुसती रेटली की ती त्या उतारावरून वर चढते आणि अलगद चिमटीत येते. पत्त्यांच्या कप्प्यांत तळाशी पाचरीसारखा उतार दिला आणि पुढच्या भिंतीला मधोमध अर्धगोल खाच कापली. खाच आखण्यासाठी १० रुपयांचे नाणे वापरले. त्याचा व्यास २७ मिमी आहे आणि आईचा अंगठा त्यात बरोबर बसतो.

आता चुका सांगतो. पेटीची आतली रुंदी २८५ मिमी भरली. तीन कप्पे हवे होते, म्हणून मी सरळ ३ ने भागून प्रत्येकी ९५ मिमी धरले आणि सगळ्या पट्ट्या एका दमात कापून टाकल्या. तीन कप्प्यांना उभ्या भिंती चार लागतात आणि प्रत्येक भिंत ५ मिमी जागा खाते, हे सांगाडा पेटीत उतरवायला गेलो तेव्हा कळले. पूर्ण २० मिमी जास्त. दुसऱ्या खेपेला आधी २८५ मधून २० वजा केले, उरलेल्या २६५ चे भाग पाडले आणि कप्पा ८८ मिमीचा आला. कव्हर घातलेला आमचा पत्ता ८३ मिमी लांब आहे, त्यामुळे बोट घालायला जागाही उरली.

दुसरी चूक गोंदाची. लवकर वाळावे म्हणून मी चपला-चामड्यासाठी मिळणारा उग्र वासाचा गोंद लावला. सकाळी पाहिले तर भिंतीचा वरचा कागद जसाच्या तसा होता, पण दाबला की आत जायचा, कारण आतला फोम विरघळून पोकळी झाली होती. तेव्हापासून साधा फेव्हिकॉल वापरतो, टाचण्या टोचून ठेवतो आणि या पावसाळी हवेत पूर्ण एक दिवस हात लावत नाही.

आता प्रश्न. आमच्या संचात लाल आणि नारिंगी या रंगांच्या सोंगट्या आहेत. रात्री दिव्याखाली आईला त्या दोन्ही एकसारख्या दिसतात, आणि मागच्या आठवड्यात तिने सुनेच्या रस्त्याला स्वतःची वस्ती जोडली. सगळे हसले, तीही हसली, पण पुढचा डाव ती गप्प बसून खेळली. यांपैकी एक रंग पूर्ण बदलावा, की आहे त्यावरच काही रंगकाम करावे? मी आजवर ब्रश हातात धरलेला नाही.

पट्टीकटर (वागळे इस्टेट)

माझा पाट्या आणि फलक बनवण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे रंगाबद्दल नाही, पण मालाबद्दल अधिकाराने चार शब्द सांगू शकतो.

फोम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये पॉलिस्टायरिनचा थर. ज्या गोंदात किंवा रंगात उग्र द्रावक असते त्याने हा थर विरघळतो, आणि म्हणून स्प्रेचा डबाही त्याच्यावर थेट मारू नये. कागदाची बाजू टिकली तरी कापलेल्या उघड्या कडा खाल्ल्या जातात. रंग द्यायचाच असेल तर कडांवर आधी फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्याचा हात फिरवावा.

आमच्याकडे येणारे पुष्कळ लोक फोम बोर्ड आणि सनबोर्ड यांत गल्लत करतात. सनबोर्ड हा पीव्हीसीचा असतो. तो ओलाव्याला दाद देत नाही, ३ मिमी जाडीतही ताठ उभा राहतो आणि भिंती पातळ झाल्याने तुमच्या पेटीत जागा वाचेल. मात्र तो लेझरवर कापून द्या असा आग्रह कोणाकडेही धरू नका. पीव्हीसी जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात, माणसाच्या फुप्फुसांना ते घातक आहेत आणि यंत्राचे लोखंडही गंजवतात. तो कटरनेच कापायचा, स्टीलची पट्टी दाबून धरून, आणि एकाच घावात आरपार जाण्याचा हट्ट न करता तीन-चार हलक्या हातांनी.

लेझरवर काम करून घ्यायचे असेल तर ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, घ्या. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. किरण स्वतःच साधारण ०.१ ते ०.२ मिमी जागा जाळतो, त्यामुळे खाचेत बसणारी जीभ आराखड्यात खाचेएवढीच काढली तर प्रत्यक्षात ती सैल होते. दुसरे म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या कडेतून एमडीएफ पाणी ओढतो आणि फुगतो. एप्रिलमध्ये सहज सरकणारा खण जुलैत अडकला, अशा तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात. कडा आणि मागची बाजू धरून सगळीकडे वॉर्निश लागलेच पाहिजे.

तुमचा वाकवलेला तळ फार आवडला. कार्ड वाकवण्याआधी त्यावर बोथट टोकाने दर ५ मिमीवर समांतर रेघा दाबून घ्या, म्हणजे ते चुरगळणार नाही आणि कमान एकसारखी येईल.

रेघ (नेरुळ)

तलावपाळी, ब्रश हातात धरला नसेल तर यापेक्षा चांगली सुरुवात शोधून सापडणार नाही, कारण घराचे छप्पर हा शिकण्यासाठी फार सोयीचा आकार आहे. त्याला सरळ कडा आहेत, उतार आहे आणि चूक झाली तरी पुसता येते.

माझे मत रंग बदलावा असे आहे. नारिंगीच्या जागी गडद जांभळा दिला तर आईंना कोणत्याही उजेडात ओळखता येईल. त्यासाठी सोंगट्या आधी भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश प्लास्टिकवर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचे अस्तर. जुलैत स्प्रेचा प्रायमर किंवा वॉर्निश मारू नका. हवेत दमटपणा असला की त्यावर पांढुरकी झाक येते आणि आठवड्याभराची मेहनत धुक्याआड जाते. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो वापरा. त्यानंतर रंग पाण्याने साईच्या दुधाइतका पातळ करून दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर बारीक खाचा बुजतात.

दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅमलिनचे साधे ॲक्रिलिक रंगही या कामाला चालतात, फक्त ते पातळ करताना घाई करू नये. ब्रशच्या बाबतीत नवखे लोक सगळ्यात बारीक, शून्य-शून्य क्रमांकाचा घेतात आणि फसतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, सोंगटीपर्यंत नेईस्तोवर टोक वाळते. टोक सुईसारखे जुळणारा १ क्रमांकाचा ब्रश घ्या. रंग ओला राहावा म्हणून जेवणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग, अशी मांडणी करा; झाकण लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो.

मी स्वतः सध्या विंगस्पॅनची अंडी रंगवते आहे. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या २०१९ सालच्या या खेळात पक्ष्यांचे १७० पत्ते आणि ७५ इवलीशी अंडी आहेत. अंड्यांच्या रंगाला नियमांत काही अर्थ नाही, त्यामुळे मला पूर्ण मोकळीक मिळाली आणि मी आपल्या परिसरातल्या पक्ष्यांची अंडी करायचे ठरवले. सातभाईची अंडी गडद चकचकीत निळी, दयाळाची फिकट निळसर-हिरवी आणि त्यावर तपकिरी शिंतोडे. पोपट, खंड्या आणि घुबड ढोलीत किंवा बिळात घालतात म्हणून त्यांची पांढरी. टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते आणि ती मातीच्या रंगात काळसर डागांची असतात. इथल्या पाणथळीच्या कडेला ती पायाशी असूनही दिसत नाहीत.

दयाळाच्या अंड्यासाठी जुना टूथब्रश पातळ तपकिरी रंगात बुडवते, पहिले दोन झटके वर्तमानपत्रावर मारून जास्तीचा रंग काढून टाकते आणि मग वीतभर अंतरावरून अंगठा केसांवरून मागे ओढते. अंडे पेनाच्या टोपणावर दुहेरी टेपने चिकटवलेले असते, म्हणजे ते फिरवता येते आणि बोटे मधे येत नाहीत. टिटवीचे डाग मात्र अशा शिंतोड्यांनी साधत नाहीत. त्यासाठी स्पंजचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून तो टिपावा लागतो, आणि एका बाजूला डाग जरा दाट ठेवावे लागतात.

चकती (खारेगाव)

वाचनखूण साठवली आहे. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे आणि तो हाताला लागेल ते तोंडात घालतो. रंगवलेल्या सोंगट्यांवर वॉर्निश दिले तर त्या त्याच्यासाठी सुरक्षित होतात का?

रेघ (नेरुळ)

चकती, वॉर्निशमुळे रंग टिकतो एवढेच. तो चाटण्याजोगा होत नाही. शिवाय एवढ्या लहान सोंगट्या मुळातच तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. मुलगा मोठा होईपर्यंत पेटी वरच्या फळीवरच ठेवा.

मोतीतलाव (ऐरोली)

माझे माहेर सावंतवाडीचे, त्यामुळे हा धागा वाचताना मला सारखी गंजिफा आठवत होती. रंगाबाबत रेघताईंपेक्षा माझे मत वेगळे आहे, म्हणून लिहिते.

दशावतारी गंजिफेचा संच १२० पत्त्यांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते. पत्ते गोल, हाताने रंगवलेले, वरून लाखेचा थर दिलेला. प्रत्येक अवताराच्या पत्त्यांची पार्श्वभूमी एका रंगाची असते, पण ओळख केवळ त्या रंगावर सोडलेली नसते. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे असतात, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात रंग ओळखू आला नाही तरी चिन्ह ओळखू येतेच, आणि चिन्ह पुसट झाले तर रंग हाताशी असतो. आणि हे पत्ते ज्या लाकडी पेटीत राहतात तिच्या सरकत्या झाकणावरही चित्रकाराने तितक्याच मन लावून काम केलेले असते. ही कला लयाला जात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चित्रकारांना बसवून ती जगवली. मी लहानपणी तिथे एका कारागिराला राजाच्या मिशीची रेघ ओढताना पाहिले आहे. रेघ ओढेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता, आणि त्यांच्यासोबत मीही.

म्हणून तलावपाळी, तुम्ही नारिंगी नारिंगीच राहू द्या. पेटीतली खर्चाची माहिती देणारी कार्डेही त्या-त्या खेळाडूच्या रंगात छापलेली असतात. एकट्या सोंगट्या जांभळ्या केल्या तर आईंना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. रंगाच्या जोडीला चिन्ह द्या.

रेघ (नेरुळ)

मोतीतलाव, तुमचे म्हणणे पूर्ण पटले. मी माझा सल्ला मागे घेते. खर्चाच्या कार्डांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

मोतीतलाव यांच्या सांगण्याप्रमाणे रंग तेच ठेवले आणि चिन्हे दिली. लाल घरांच्या छपरांवर गडद तपकिरी रंगात कौलांच्या आडव्या रेघा काढल्या, नारिंगी छपरांवर पांढरे ठिपके दिले. पहिला प्रयत्न वाया गेला. रेघ यांनी बजावूनही मी लाल सोंगट्या धुतल्या नव्हत्या, कारण त्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होत्या. एका शनिवारचा डाव झाला आणि कौलांच्या रेघा नखाबरोबर सालपटासारख्या निघून आल्या. मग सगळ्या चोवीसच्या चोवीस धुतल्या, वाळवल्या, ब्रशने प्रायमर दिला आणि पुन्हा बसलो.

रेघा काढताना मनगट टेबलाच्या कडेला टेकवून दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना लावून ठेवल्या की थरथर निम्म्याने कमी होते, हे तिसऱ्या घराला कळले. पहिल्या दोन घरांची कौले वाकडी आहेत. ती मी तशीच ठेवली आहेत, मुलीला ती जुन्या वाड्याची वाटतात.

ठिपक्यांचे मात्र अनपेक्षितपणे चांगले जमले. ब्रशने ठिपका पसरत होता, म्हणून टूथपिकचे टोक मोडून बोथट केले आणि पातळ न केलेला रंग त्यावर घेऊन नुसता टेकवून उचलला. रंग वाळल्यावर ठिपका मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा उंच राहिला. रस्त्याच्या काडीवर मधोमध एक, वस्तीवर दोन, शहरावर तीन असे ठिपके दिले. वरून ब्रशनेच चकाकी नसलेले वॉर्निश फिरवले.

शनिवारी आईने डब्यात बोट घातले, एका काडीवरून ते फिरवले आणि पटाकडे पाहत असतानाच म्हणाली, "ही माझी नव्हे, सुनेची आहे, माझ्या डब्यात कशी आली?" मागच्या खेपेला आवरताना माझ्याच हातून ती तिथे पडली होती. मी ठिपका डोळ्यांसाठी दिला होता. तो बोटालाही लागेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

रेघ (नेरुळ)

हे वाचून अंगावर रोमांच आले. आता माझ्या टिटवीच्या अंड्यांवरही उंच डाग टिपून पाहते.

एक गोष्ट राहिली होती. बारीक कामासाठी म्हणून काही ठिकाणी अजूनही मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात. केसांवर गडद, मधे फिकट आणि पुन्हा गडद असे पट्टे दिसले तर तो हातातून खाली ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, असा ब्रश विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा आहे, आणि थोड्याशा केसांसाठी ते जनावर मारले जाते. चांगला कृत्रिम केसांचा ब्रश या कामाला पुरेसा आहे.

पट्टीकटर (वागळे इस्टेट)

तलावपाळी, कप्प्यांचे पुढे काय झाले? आठ-दहा डावांनंतर फोम बोर्डाच्या खाचेची कड उसवू लागते. तसे दिसले तर वेळीच तिच्यावर कागदी टेपची पट्टी वळवा.

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

कड अजून शाबूत आहे, टेप लावून घेतो. पण पत्त्यांचे कप्पे पुन्हा करावेच लागणार आहेत. आईचे म्हणणे असे की खाच मधोमध नको, उजवीकडच्या कोपऱ्याजवळ हवी, कारण तिचा अंगठा सरळ पुढून येत नाही, कडेने येतो. मी समोर बसून दोन डाव तिचा हात नीट पाहिला आणि ते खरेच तसे आहे. येत्या रविवारी ३ मिमी सनबोर्ड आणतो आहे. चार भिंतींचे १२ मिमी या वेळी आधीच वजा केले आहेत.